स्टिअरिंगचे रबरी कवच

पावसाळा ओसरला की शहरातील गॅरेजमध्ये मोटारींची गर्दी वाढते. कुणाच्या गाडीचा ब्रेक आवाज करतो, कुणाचा सस्पेन्शनचा बुश गेलेला असतो, तर कुणाची तक्रार जरा संदिग्ध असते: खड्ड्यातून जाताना पुढून ‘टकटक’ असा आवाज येतो आणि गाडी सरळ रस्त्यावरही किंचित भरकटते. मिस्त्री गाडी रॅम्पवर घेतो, पुढच्या चाकामागे विजेरीचा झोत टाकतो आणि बहुधा एका लहानशा रबरी नळीकडे बोट दाखवतो. पंख्यासारख्या घड्या असलेली ही नळी एका घडीत फाटलेली असते. आतले ग्रीस वाहून गेलेले असते आणि त्याच्या जागी तपकिरी चिखल बसलेला असतो. ही नळी म्हणजे स्टिअरिंगचा ‘बूट’. तिची किंमत काही शे रुपयांच्या घरात असते. ती ज्याचे रक्षण करते त्या यंत्रणेची दुरुस्ती मात्र हजारोंच्या घरात जाते. पैशाचा प्रश्न तर आहेच. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, इंजिन बंद पडले तर गाडी थांबते. स्टिअरिंगचा सांधा निखळला तर गाडी थांबत नाही, ती चालकाच्या ताब्यातून जाते.

वाहनाच्या देखभालीत इंजिन ऑइल, बॅटरी, टायर आणि वातानुकूलन यांकडे बहुतेकांचे लक्ष असते. स्टिअरिंगच्या सांध्यांना धूळ, चिखल व पाणी यांपासून वाचविणाऱ्या आवरणांकडे मात्र ती फाटेपर्यंत कुणी पाहत नाही. ही आवरणे कोठे असतात, ती का फाटतात आणि त्यांची काळजी कशी घ्यावी, याचा हा आढावा.

रचना कशी असते?

आजच्या बहुसंख्य मोटारींत स्टिअरिंगची ‘रॅक-पिनियन’ रचना असते. चालक जे चाक फिरवतो, त्याच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते. हे दंतचक्र रॅक नावाच्या, दाते असलेल्या पोलादी दांडीत गुंतलेले असते. चाक फिरले की पिनियन फिरते आणि रॅक डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. एका टोकाच्या वळणापासून दुसऱ्या टोकाच्या वळणापर्यंत लहान मोटारीची रॅक साधारण बारा ते पंधरा सेंटीमीटर सरकते. एवढ्याशा हालचालीवर टनभर वजनाच्या गाडीची दिशा ठरते.

रॅकच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड जोडलेला असतो. रॅक सरळ रेषेत सरकते, चाके मात्र खड्ड्यांनुसार वर-खाली होत असतात. त्यामुळे हा जोड कोणत्याही दिशेने वळू शकणारा असावा लागतो. त्यासाठी येथे गोळी व तिला धरणारी वाटी, अशा रचनेचा सांधा असतो. माणसाच्या खांद्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यासारखीच ही कल्पना आहे. टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे चाकाजवळ, असाच दुसरा सांधा असतो. त्याला ‘टाय रॉड एंड’ म्हणतात.

या दोन ठिकाणी दोन प्रकारची आवरणे असतात. आतला सांधा आणि रॅकचा बाहेर येणारा भाग यांवर घड्यांचा लांबट बूट असतो. त्याचे मोठे तोंड रॅकच्या धातूच्या नळकांड्यावर, तर लहान तोंड टाय रॉडवर क्लिपने आवळलेले असते. बाहेरच्या टाय रॉड एंडवर लहान वाटीसारखी रबरी टोपी असते. तिच्या आत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. सस्पेन्शनच्या लोअर आर्मवरील बॉल जॉइंटलाही अशीच टोपी असते. पुढच्या चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणाऱ्या ॲक्सलवरही घड्यांचे बूट असतात. तो स्टिअरिंगचा भाग नव्हे. पण जागा जवळजवळची असल्याने ग्राहकांची गल्लत होते. गॅरेजमध्ये नुसते ‘बूट फाटला आहे’ असे सांगितले गेल्यास कोणता बूट, हे विचारून घेणे इष्ट ठरते.

ग्रीसच्या पंपापासून बंद सांध्यापर्यंत

ही आवरणे इतकी महत्त्वाची का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. फियाट-पद्मिनी, ॲम्बॅसिडर व जीप यांच्या काळात गाडीखालच्या सांध्यांना ग्रीस भरण्यासाठी लहान निपल असत. ठराविक किलोमीटरनंतर गाडी खड्ड्यावर घेऊन ग्रीसच्या पंपाने प्रत्येक निपलमध्ये ताजे ग्रीस दाबून भरले जाई. नवे ग्रीस आत शिरले की जुने, काळवंडलेले ग्रीस धूळ-पाण्यासह बाहेर पडत असे. म्हणजे सांध्यात घाण जाणार, हे त्या रचनेत गृहीतच धरलेले होते आणि ती वेळोवेळी बाहेर ढकलण्याची सोय होती. ट्रक व बसगाड्यांच्या किंगपिनसारख्या भागांवर ही पद्धत आजही वापरात आहे.

१९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारींचे युग भारतात सुरू झाले. रॅक-पिनियन येथे अगदी नवे नव्हते. ॲम्बॅसिडरमध्येही ती रचना होती. बदलला तो देखभालीचा विचार. सांधे कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे बंद होऊ लागले. निपल गेले, ग्रीसचा पंप गेला आणि वाहनधारकाची एक कटकटही गेली.

या सोयीची एक अट आहे. बंद सांध्याचे आयुष्य त्याच्या आवरणाएवढेच असते. जुन्या पद्धतीत टोपी थोडी फाटली तरी पुढच्या सर्व्हिसिंगला ताजे ग्रीस मिळत असे. आता आवरण फाटले की ग्रीस एकदाच निघून जाते आणि ते पुन्हा भरण्यासाठी बाहेरून मार्गच नसतो. बंद सांधा ‘देखभालमुक्त’ असल्याचे सांगितले जाते. तो देखभालमुक्त असला तरी तपासणीमुक्त नाही, हा फरक अनेकदा लक्षात घेतला जात नाही.

घाण आत शिरल्यावर काय होते?

रॅकचा पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत केलेला असतो. सांध्यातील गोळीही तशीच चकचकीत असते आणि ती प्लॅस्टिकच्या अस्तरात बसवलेली असते. या दोन्ही ठिकाणी ग्रीसचा पातळ थर धातूला झिजण्यापासून वाचवतो. या थरात वाळूचे कण मिसळले की वंगणाचे रूपांतर घासकामाच्या लेपात होते. वाळूत आढळणाऱ्या क्वार्ट्झ या खनिजाची कठीणता मोहस् मापनावर ७ आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पारची कठीणता ६ च्या आसपास असते. अशा कणांपुढे प्लॅस्टिकचे अस्तर टिकत नाही आणि साध्या पोलादावरही ओरखडे उठतात. गोळी व वाटी यांच्यात पोकळी वाढत जाते. मिस्त्री लोकांच्या भाषेत सांध्यात ‘प्ले’ येतो.

पाण्याचा परिणाम वेगळा असतो. ग्रीस धुतले गेल्यावर उघड्या पोलादावर गंज चढतो आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत हे विशेष महागात पडते. तेथे रॅकभोवती तेल अडवून धरणारी सील असते. गंजलेली, खरबरीत रॅक या सीलमधून प्रत्येक वळणाला पुढे-मागे सरकते आणि सीलची कड खाते. मग तेल बुटात उतरू लागते. फाटलेल्या बुटापासून सुरू झालेला हा प्रवास संपूर्ण रॅक बदलण्यापाशी येऊन थांबू शकतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल नसते. अनेक लहान मोटारींत मदतीची मोटार डॅशबोर्डखालच्या दांड्यावर बसवलेली असते, त्यामुळे ती रस्त्यावरच्या पाण्यापासून दूर राहते. काही मोटारींत मात्र ती थेट रॅकवर, गाडीच्या खालच्या भागात असते. अशा ठिकाणी आत शिरलेला ओलावा यांत्रिक भागांबरोबर विद्युत भागांपर्यंतही पोहोचू शकतो. ‘इलेक्ट्रिक आहे, म्हणजे खाली काही बघायचे नाही,’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मोटार कोठेही असली तरी रॅक, टाय रॉड आणि त्यांचे बूट खालीच असतात.

बुटाच्या हालचालीचा एक पैलू फारसा लक्षात येत नाही. स्टिअरिंग एका बाजूला वळवले की एका बाजूचा बूट ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा आक्रसतो. आक्रसणाऱ्या बुटातील हवा दुसरीकडे जाण्यासाठी रॅकच्या आतून किंवा बाहेरच्या बारीक नळीतून वाट ठेवलेली असते. बूट शाबूत असेल तर ही हवा आतल्या आतच फिरते. बूट फाटला की तो भात्यासारखा काम करू लागतो. प्रत्येक वळणाला बाहेरची हवा आत ओढली जाते. ती कोरडी असेल तर धूळ येते आणि गाडी पाण्यातून जात असेल तर पाणी. एका बाजूचे छिद्र त्यामुळे दोन्ही बाजूंना त्रासदायक ठरू शकते.

बूट फाटतो कशाने?

वय हे पहिले कारण. बूट निओप्रीनसारख्या कृत्रिम रबराचे किंवा रबरासारख्या लवचीक प्लॅस्टिकचे केलेले असतात. उष्णता व हवेतील ओझोन यांमुळे असा पदार्थ हळूहळू कडक होतो. जेथे तो सतत ताणला जातो, तेथे, म्हणजे घडीच्या खोलगट भागात, प्रथम बारीक चिरा पडतात. बाहेरून बूट ठीक दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून घड्या उघडल्यावरच चीर दिसते.

दुसरे कारण तेल. इंजिनमधून किंवा गिअरबॉक्समधून गळणारे तेल बुटावर पडत राहिल्यास रबर फुगते, मऊ पडते आणि क्लिपमधून निसटते. गाडी खालून ‘डिझेल मारून’ धुण्याची किंवा गंज लागू नये म्हणून जुने इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत काही ठिकाणी अजूनही आहे. धातूवर त्याने काही काळ चकाकी येते. रबरी भागांसाठी मात्र ती अपायकारक आहे. गंजरोधक कोटिंग करून घेतानाही बूट, ॲक्सल आणि ब्रेकचे भाग झाकून घेतले जातात की नाही, हे पाहावे.

तिसरे कारण खुद्द गॅरेजमध्येच घडते. चाकांचे अलाइनमेंट करताना टाय रॉड त्याच्या आट्यांवर फिरवून लांबी कमी-अधिक केली जाते. बुटाचे लहान तोंड याच दांड्यावर आवळलेले असते. क्लिप सैल न करता दांडा फिरवला तर बूटही त्याच्याबरोबर पिळला जातो. पिळलेल्या बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात आणि काही महिन्यांत तो फाटतो. क्लिप सैल करायची, दांडा फिरवायचा, बूट सरळ बसवायचा आणि क्लिप पुन्हा लावायची, एवढेच हे काम आहे. घाईत नेमके तेच राहून जाते. अलाइनमेंट झाल्यावर बुटाच्या घड्या सरळ आहेत की पीळ पडला आहे, हे ग्राहकाला सहज पाहता येते.

चौथे कारण धुलाई. उच्च दाबाचा फवारा धूळ काढतो, तसाच तो टोपीच्या कडेखालून पाणीही आत ढकलू शकतो. फवाऱ्याचे तोंड जवळ धरून थेट बुटावर किंवा टाय रॉड एंडच्या टोपीवर रोखणे टाळावे. चिखल मात्र धुतला जायलाच हवा. घड्यांत सुकून दगडासारखा झालेला चिखल प्रत्येक वळणाला रबर कापत असतो. साधा नळ, मऊ ब्रश आणि सौम्य साबण एवढे त्यासाठी पुरते.

पाचवे कारण दिसण्यात क्षुल्लक असते. चाकाच्या वरच्या कमानीत आतून काळ्या प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि इंजिनाखाली आडवे संरक्षक पत्र असते. चाकाने उडवलेला चिखल व खडी यांपासून ही दोन्ही आवरणे स्टिअरिंगचे रक्षण करतात. वेगरोधकाला घासून किंवा खड्ड्यात आदळून ती तुटतात, क्लिप गळतात आणि मालक ‘आवाज करते’ म्हणून ती काढूनच टाकतो. त्यानंतर बुटावर रस्त्याचा थेट मारा सुरू होतो.

शहरातील रस्त्यांचा वाटा

शहरी वाहन डांबरी रस्त्यावर चालते, म्हणून ते घाणीपासून सुरक्षित आहे, असे समजणे धाडसाचे ठरेल. मेट्रोची कामे, रस्त्यांचे काँक्रिटीकरण व सतत चालणारी खोदाई यांमुळे मुंबई-पुण्यातील अनेक रस्त्यांवर वर्षातील बराच काळ खडीची पूड आणि सिमेंटमिश्रित गाळ असतो. सिमेंटचा गाळ बुटाच्या घड्यांत सुकला की मातीच्या चिखलासारखा सहज निघत नाही. समुद्रकाठच्या शहरांत खारट हवेमुळे क्लिप आधी गंजतात. बूट न फाटताही त्याचे तोंड उघडे पडते. कोकण व गोव्यातील जांभ्याची लाल माती अतिशय बारीक असते आणि लहानशा फटीतूनही आत जाते.

साचलेल्या पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कोल्हापूर व सांगलीतही तेच घडले. अशा प्रसंगानंतर लक्ष जाते ते इंजिन, आसने व विद्युत यंत्रणेकडे. गाडी सुरू झाली, की संकट टळले असे वाटते. पाण्याबरोबर बुटांत शिरलेला गाळ मात्र तेथेच राहतो आणि त्याचे परिणाम काही महिन्यांनी जाणवतात. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली मोटार दुरुस्त करताना रॅकचे बूट उघडून आत गाळ वा गंज आहे का, हे तपासून घेणे म्हणूनच आवश्यक असते. जुनी मोटार विकत घेतानाही ही जागा पाहण्याजोगी असते. नवी आसने घालून पुराच्या खुणा झाकता येतात. बुटाच्या घडीत अडकलेला गाळ सहसा कुणी साफ करीत नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

आवरण फाटल्यानंतर लगेच काहीच जाणवत नाही. झीज वाढली की पुढील लक्षणे दिसू लागतात.

खराब रस्त्यावर, विशेषतः कमी वेगात, पुढून ‘टकटक’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंगच्या चाकात हलकासा धक्का जाणवतो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडेसे हलवले तरी गाडीची दिशा बदलत नाही, म्हणजेच ढिलाई वाढलेली असते. अलाइनमेंट करूनही ते टिकत नाही आणि पुढच्या टायरची एक कड लवकर झिजते. वळण घेतल्यावर स्टिअरिंग पूर्वीसारखे आपोआप सरळ होत नाही किंवा मध्येच अडखळते. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतील तेल कमी होत जाते आणि बुटाखाली तेलकट ओल दिसते.

पूर्ण वळण घेताना चाकाकडून ‘कटकट’ असा लयबद्ध आवाज येत असेल आणि चाकाच्या आतील बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसत असेल, तर दोष बहुधा ॲक्सलच्या बुटाचा व सांध्याचा असतो. उपचार वेगळा असला तरी कारण तेच, फाटलेले रबर आणि आत गेलेली घाण.

घरच्या घरी पाहणी

काही गोष्टी वाहनधारकाला स्वतः पाहता येतात. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, इंजिन बंद करावे आणि पुढच्या चाकामागील मोकळ्या जागेतून विजेरीने आत पाहावे. ताणलेल्या बुटाच्या घड्या उघडलेल्या असतात. चीर, भोक, तेलकटपणा, पीळ किंवा सुटलेली क्लिप दिसते का, ते पाहावे. नंतर दुसऱ्या बाजूला वळवून हेच करावे. टाय रॉड एंडच्या टोपीभोवती ग्रीस बाहेर आलेले दिसल्यास टोपी फाटली असे समजावे. या पाहणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पुढची तपासणी गॅरेजमध्ये करून घ्यावी. पुढचे चाक उचलून ते घड्याळाच्या नऊ व तीनच्या जागी धरून आडवे हलवतात. खट असा आवाज होऊन चाक हलले तर टाय रॉडच्या सांध्यात ढिलाई असते. बारा व सहाच्या जागी धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा चाकाच्या बेअरिंगचा दोष कळतो. गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जाऊ नये. जॅक घसरण्याचा धोका नेहमीच असतो. गाडी भक्कम घोडीवर टेकवलेली असावी.

केवळ बूट बदलणे पुरेसे आहे का?

हा प्रश्न गॅरेजमध्ये नेहमी उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर बूट केव्हा फाटला यावर अवलंबून असते. चीर ताजी असेल, ग्रीस स्वच्छ असेल आणि सांध्यात ढिलाई नसेल, तर नवा बूट बसवणे पुरेसे ठरते. आतले ग्रीस काळपट, करकरीत किंवा पाण्याने दुधाळ झाले असेल, तर आधी ते पूर्ण पुसून काढून रॅक व सांधा तपासावा लागतो. गंजाचे खड्डे किंवा ढिलाई आढळल्यास तो भागच बदलावा लागतो. घाण तशीच ठेवून वर नवा बूट चढवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे. बाहेरून काम नीटनेटके दिसते आणि आत झीज चालूच राहते.

रॅकचा बूट बदलण्यासाठी टाय रॉड एंड सोडवून काढावा लागतो. तो आट्यांवर किती आत होता याची खूण करून ठेवली तरी काम झाल्यावर अलाइनमेंट करून घेणे गरजेचे असते. त्याला फाटा देऊन पैसे वाचवल्यास टायर झिजून ते वसूल होतात. एंडच्या नटमधून स्प्लिट पिन जात असेल तर जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये, नवीच घालावी. क्लिपऐवजी तार गुंडाळणे, फाटलेल्या बुटाला चिकटपट्टी लावणे किंवा डिंकाने जोड देणे हे मार्ग गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतेच ठीक आहेत. सतत ताणल्या-आक्रसल्या जाणाऱ्या रबरावर असा जोड टिकत नाही. टाय रॉड एंडची टोपी फाटली असेल, तर बहुतेक वेळा संपूर्ण एंड बदलणेच श्रेयस्कर ठरते. कारण उघड्या राहिलेल्या लहान सांध्यात किती घाण गेली, हे बाहेरून कळत नाही.

सांध्यांची स्थिती का महत्त्वाची, याची जाणीव जुलै २०२३ मधील एका घटनेने करून दिली. मारुती सुझुकीने एस-प्रेसो व ईको या मोटारींच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याची शक्यता होती आणि क्वचित प्रसंगी तो तुटून गाडीच्या नियंत्रणावर परिणाम होऊ शकतो, असे कंपनीने जाहीर केले होते. त्या प्रकरणात प्रश्न सुट्या भागाच्या सदोषतेचा होता, धुळीचा नव्हे. तथापि, एका टाय रॉडसाठी एवढ्या गाड्या परत बोलवाव्या लागतात, यावरून या भागाचे मोल लक्षात यावे. कारखान्यातील दोषासाठी कंपनी पत्र पाठवते. रस्त्यावर फाटलेल्या बुटासाठी पत्र येत नाही.

दुचाकीच्या हँडलचे काय?

दुचाकीला रॅक नसते. पण तिच्या हँडलच्या दांड्याला वर आणि खाली छर्ऱ्यांचे बेअरिंग असते. गॅरेजमध्ये त्याला ‘कोनसेट’ म्हणतात. खालचे बेअरिंग पुढच्या चाकाच्या अगदी माथ्यावर असल्याने उडालेला चिखल व पाणी यांचा पहिला मारा त्यावरच होतो. वर दाबाच्या फवाऱ्याने धुलाई झाली की ग्रीस लवकर निघून जाते. कोरडे पडलेले छर्रे खड्ड्यांच्या धक्क्यांनी वाटीत खळगे पाडतात.

तपासणी सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल हलकेच एका बाजूकडून दुसरीकडे न्यावे. सरळ स्थितीत आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर कोनसेट गेला असे समजावे. पुढचा फोर्क धरून मागे-पुढे हलवल्यावर खट असा आवाज आला, तर तो सैल आहे. चिखलरोधक पंख्याचा खालचा रबरी पडदा तुटला असल्यास तो आधी बसवून घ्यावा. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या चालकासाठी अडखळणारे हँडल किती धोकादायक, हे वेगळे सांगायला नको.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम स्टिअरिंगविषयी आहे. स्टिअरिंगची यंत्रणा सुस्थितीत असावी, चाकावरील ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक नसावी, लिंकेजमधील बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी संरक्षित असावेत आणि जोडाचे बोल्ट वा पिना नीट अडकवलेल्या असाव्यात, असे तो सांगतो. म्हणजे ज्या रबरी टोपीकडे दुर्लक्ष होते, ती कायद्याच्या पुस्तकातही नमूद आहे.

३० अंश ही कमाल मर्यादा आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे पावणेदहा सेंटीमीटर होतात. सुस्थितीतील रॅक-पिनियन मोटारीत ढिलाई याच्या लहानशा अंशाएवढीच असते. त्यामुळे ती मर्यादेपर्यंत पोहोचण्याची वाट पाहणे शहाणपणाचे नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील प्रमाण प्रमाणभूत मानावे.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. व्यावसायिक वाहनांना ठराविक मुदतीने योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. या काळात ठराविक मुदतीने सक्तीने होते ती प्रदूषण चाचणी, आणि तिच्यात केवळ धुराची तपासणी होते. म्हणजे गाडीच्या आयुष्याचा मोठा काळ तिच्या स्टिअरिंगकडे शासकीय यंत्रणेतील कुणीही पाहत नाही. ही जबाबदारी मालकाची आणि त्याच्या विश्वासातील मिस्त्रीची राहते.

हे करावे, हे टाळावे

• पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, असे वर्षातून किमान दोनदा बूट व टोप्या पाहाव्यात.
• प्रत्येक सर्व्हिसिंगला ‘स्टिअरिंगचे बूट व टाय रॉड एंड तपासणे’ हा मुद्दा कामाच्या यादीत लिहून घ्यावा.
• अलाइनमेंटनंतर बुटाला पीळ पडलेला नाही, याची खात्री करावी.
• चाकाच्या कमानीतील अस्तर व इंजिनाखालचे पत्र तुटल्यास लगेच बसवून घ्यावे.
• तेलगळती आढळल्यास आधी ती थांबवावी. नाहीतर नवा बूटही टिकणार नाही.
• डिझेल, पेट्रोल किंवा जुने ऑइल रबरी भागांवर मारू देऊ नये.
• दाबाचा फवारा बूट, टोप्या व दुचाकीच्या कोनसेटवर जवळून रोखू नये.
• मोठ्या खड्ड्यात जोराने आदळल्यास किंवा साचलेल्या पाण्यातून जावे लागल्यास एकदा पाहणी करून घ्यावी.
• फाटलेला बूट ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणून पुढे ढकलू नये. चीर पडली त्या दिवसापासून झीज सुरू होते.

पावसाळ्याच्या अखेरीस दसरा येतो. त्या दिवशी घरोघरी वाहने धुतली जातात, त्यांना झेंडूचे हार घातले जातात आणि पुढच्या चाकाजवळ नारळ वाढवला जातो. त्यासाठी चाकाजवळ वाकावे लागतेच. त्याच वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवून मागच्या रबरी घड्यांवर विजेरीचा झोत टाकला, तर वर्षभराच्या सुरक्षित प्रवासासाठी आवश्यक असलेली एक तपासणी त्याच दिवशी पार पडेल.